बेघरांचा निवारा आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आमचे विचार मांडत आहोत.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात शिक्षण, नोकरीतील राखीव जागा, धम्मसंस्कार, विद्यार्थ्यांचा गुणगौरव या विषयांवर दरवर्षी विचारमंथन होते. ते आवश्यकच आहे. यंदा मात्र आम्ही मुद्दाम निराळा विषय निवडला आहे. ज्याला रात्री पाठ टेकायला हक्काची जागा नाही, अशा माणसाचा हा विषय आहे. तो आपल्या सभांना येत नाही, निवेदन देत नाही, मोर्चा काढत नाही. त्याच्या वतीने कोणी बोलले नाही तर त्याचा प्रश्न आहे हेही कोणाला कळत नाही. म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या आपल्या राहत्या शहरांपुरता हा विषय आज समजून घेऊ या.

बेघर कोणाला म्हणायचे, इथपासून सुरुवात केली पाहिजे. झोपडीत राहणारा माणूस बेघर नसतो. त्याचे घर कच्चे असेल, बेकायदा ठरवलेले असेल, पण ते घर आहे. जनगणनेच्या दृष्टीने बेघर म्हणजे जो कोणत्याही इमारतीत किंवा घरात राहत नाही; रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या ओसरीवर, रेल्वेच्या फलाटावर जो उघड्यावर राहतो, तो. या लोकांची मोजणी जनगणनेत वेगळ्या रात्री केली जाते. २०११ च्या जनगणनेत ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्या रात्री देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली, आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार.

आता या आकड्यांतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. २००१ साली देशातील बेघरांची संख्या १९ लाख ४३ हजार होती, म्हणजे दहा वर्षांत ती कमी झाली. परंतु शहरांतील बेघर त्याच दहा वर्षांत ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. खेड्यातला बेघर कमी झाला आणि शहरातला वाढला. आणि ही मोजणीसुद्धा एका रात्रीची आहे. त्या रात्री जो हमाल ट्रकच्या टपावर होता, जी बाई पोलिसांच्या भीतीने अंधारात सरकली, जे पोर गाडीच्या डब्यात झोपले होते, ते कोणाच्या वहीत आले असेल? २०२१ ची जनगणना तर झालीच नाही. म्हणजे बेघरांविषयी बोलताना आपण अजून २०११ च्याच आकड्यांवर बोलतो.

आपल्या शहरांत ही माणसे कुठे दिसतात, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. शेवटची लोकल गेल्यावर ठाणे आणि कल्याण स्थानकांच्या बाहेर जाऊन उभे राहावे. स्कायवॉकवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, रिक्षा स्टँडच्या आडोशाला, बाजार समितीच्या आवारात गोण्यांच्या शेजारी माणसे झोपलेली दिसतील. आम्ही मंडळाचे काही कार्यकर्ते रात्री अकरानंतर असे अनेकदा फिरलो आहोत. दिवसा ज्या पुलावरून आपण घाईने गाडी पकडायला जातो, त्याच पुलावर रात्री एखादे कुटुंब पोतडी उशाला घेऊन झोपते. पहाटेची पहिली लोकल सुटायच्या आत त्यांना तिथून उठावे लागते. त्यांची झोप लोकलच्या वेळापत्रकावर ठरते.

या सर्वांना एकाच शब्दात बेघर म्हटले तरी त्यांची दुःखे निरनिराळी आहेत. पहिला, नाक्यावरचा मजूर आणि हमाल. त्याचे गावाकडे घर आहे, बायकामुले आहेत. पण इथल्या रोजंदारीत खोलीचे भाडे आणि डिपॉझिट बसत नाही. दुसरी, फिरस्ती कुटुंबे. मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेले पारधी बांधव यांत आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने या जमातींच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण समाजाच्या मनातला शिक्का पुसला गेला नाही आणि त्यांना भाड्याने खोली द्यायला आजही कोणी सहज तयार होत नाही. तिसऱ्या, घरातून बाहेर पडाव्या लागलेल्या स्त्रिया आणि वृद्ध. चौथी, घर सोडून गाडीत बसलेली मुले. कल्याण हे मोठे जंक्शन असल्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्यांतून ती इथे उतरतात. पाचवे, मनोरुग्ण, ज्यांना स्वतःचे नावही सांगता येत नाही. सहावे, रुग्णालयांच्या आवारात आठ-आठ दिवस काढणारे रुग्णांचे नातेवाईक.

या सहा प्रकारच्या माणसांना एकच ठराविक खोली आणि एकच सतरंजी पुरणार नाही, हे लगेच ध्यानात येईल.

ही माणसे इथेच का येतात, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर आपल्या शहरांच्या इतिहासात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हापासून ही शहरे रेल्वेच्या रुळांवर वाढली. कारखाने आले, गोदामे आली, भिवंडीचे यंत्रमाग आले, आता उंच इमारतींची बांधकामे आली. इमारत बांधणारा, माल चढवणारा, गटार उपसणारा माणूस शहराला हवा आहे. दिवसा त्याचे श्रम हवेत आणि रात्री तो मात्र दिसू नये, अशी आपली अपेक्षा असते.

जागा नाही, पैसा नाही, हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. याला आपल्या शेजारीच एक पुरावा आहे. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, तिजोरी रिकामी होती, तरीही त्या काळी एका तालुक्याच्या परिसरात लाखभर माणसांच्या डोक्यावर छप्पर आले. बराकी काही राजवाडे नव्हत्या. हालअपेष्टा त्या लोकांनी पुष्कळ सोसल्या. पण शासनाने ही माणसे आपली आहेत असे मानले आणि त्यांना पत्ता दिला. त्या पत्त्यावर त्यांनी दुकाने काढली, शाळा काढल्या, शहर उभे केले. छप्पर मिळालेला माणूस काय करू शकतो, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मुंबईच्या फुटपाथवासीयांना १९८१ च्या पावसाळ्यात हुसकावून लावण्याची मोहीम निघाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात मान्य झाले. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नव्हे, त्याचे काम जवळ असते म्हणून, हे न्यायालयाने ओळखले. मात्र फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मान्य झाला नाही. नोटीस देऊन हटवता येईल असे ठरले. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत तरी हटवू नये, एवढा दिलासा मिळाला. पुढे उत्तर प्रदेशातील चमेली सिंग खटल्यात न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. तो खटला अनुसूचित जातींच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीच्या विरोधात होता, आणि न्यायालयाने ती जमीन घेणे योग्य ठरवले. आपल्या विद्यार्थ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा.

निवारा केंद्रांचा हिशेब त्यानंतर आला. अन्नाच्या हक्काविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राज्यांना सांगितले की पाच लाखांहून मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा केंद्र असावे, आणि ते वर्षभर चोवीस तास चालावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच प्रमाण घेतले गेले. त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, न्हाणीघर, दिवे, प्रथमोपचार, स्वयंपाकाची सोय, डासांचा बंदोबस्त, अंथरूण-पांघरूण धुण्याची व्यवस्था या गोष्टी लिहिल्या आहेत. स्त्रियांसाठी, कुटुंबांसाठी, वृद्धांसाठी, आजाऱ्यांसाठी वेगळी केंद्रे करता येतील असेही त्यात आहे. केंद्र रेल्वे स्थानक, बस आगार, बाजार अशा ठिकाणांजवळ, म्हणजे बेघर जिथे असतात तिथेच असावे, हे तर त्यात प्रामुख्याने आहे. आणि तिथे राहणाऱ्याला ओळखपत्र, रेशन, निवृत्तिवेतन मिळवून देण्याची जबाबदारीही केंद्राशी जोडलेली आहे.

आता साधे गणित करू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या घरात. लाखामागे एक या हिशेबाने ठाण्यात अठरा आणि कल्याण-डोंबिवलीत बारा, मिळून तीस केंद्रे हवीत. हा आकडा २०११ च्या लोकसंख्येचा आहे. त्यानंतर घोडबंदर रस्ता किती वाढला, डोंबिवलीच्या पूर्वेला किती वस्ती झाली, हे आपण पाहतोच. तीस केंद्रे या दोन शहरांत आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. आपल्या घरापासून सर्वांत जवळचे निवारा केंद्र कोणते, हे या सभागृहातील किती जणांना सांगता येईल? आपल्यासारख्या शिकल्या-सवरल्यांना ते ठाऊक नसेल, तर रात्री साडेबाराला कल्याणला उतरलेल्या अनोळखी बाईला ते कसे ठाऊक असणार?

देशभर हीच दशा असल्यामुळे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २०१८ साली प्रत्येक राज्यात देखरेखीची समिती नेमण्याचा आदेश दिला. म्हणजे न्यायालयाने सांगितले, योजना झाली, मार्गदर्शक सूचना निघाल्या. उणीव राहिली ती खालच्या टोकाला, शहरात आणि वॉर्डात.

केंद्र असले तरी माणूस तिथे का जात नाही, हाही प्रश्न येतो. "सोय केली तरी यांना फुटपाथच आवडतो," असे वाक्य आपण ऐकतो. आम्ही रात्रीच्या फेरीत या लोकांशी बोललो. एका हमालाने सांगितले, "साहेब, माल पहाटे तीनला उतरतो. लांब झोपलो तर माझा रोज दुसरा नेतो." एका बाईने सांगितले की नवऱ्याला एकीकडे आणि तिला मुलांसह दुसरीकडे जावे लागणार असेल तर ती जाणार नाही, रात्री तिला राखणारे माणूस तेवढेच आहे. एका म्हाताऱ्याला भीती होती ती कागदाची. नाव लिहून घेतील, मग उचलून नेतील, असे त्याला वाटत होते.

ही भीती खुळी नाही. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आहे. उपजीविकेचे साधन दिसत नसता सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही त्या कायद्याची व्याख्या लागू होऊ शकते, आणि पहिल्यांदाच दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्याच्या प्रमुख तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. गरिबी हा गुन्हा नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. पण तो निकाल दिल्लीचा आहे. एका हाताने निवारा देऊ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने पकडायचे, हे जोवर चालेल तोवर बेघर माणूस दिव्याच्या उजेडात यायला घाबरणारच.

आणखी एक गोष्ट. बेघरांची बातमी वर्तमानपत्रात येते ती बहुधा दिल्लीच्या थंडीत. आपल्याकडे जीव घेतो तो पाऊस. जून ते सप्टेंबर फुटपाथ ओला, पुलाखाली पाणी, कपडे वाळत नाहीत, चूल पेटत नाही, पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोची बाधा. २६ जुलै २००५ च्या महापुरात पक्क्या घरातल्या लोकांचे काय झाले ते आपल्याला आठवते. ज्यांना घरच नव्हते त्यांचे काय झाले असेल? म्हणून आपल्या शहरांचे नियोजन पावसाळ्याचे हवे. मे महिना संपण्याआधी केंद्राचे छप्पर गळते की नाही हे पाहिले पाहिजे. डिसेंबरात ब्लँकेट वाटून आपले काम संपत नाही.

शाळेचेही पाहा. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली जून २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू झाली. महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी ती उभी केली. सिग्नलवर फुले, गजरे विकणारी मुले तिथे शिकू लागली आणि २०१८ साली त्यांतील दोघे दहावी उत्तीर्ण झाले. शाळा मुलांच्या दारात नेली म्हणून मुले शिकली. निवाऱ्याचेही असेच आहे. तो माणसाच्या कामाजवळ नेला तर माणूस येईल. मात्र संध्याकाळी दप्तर मिटल्यावर मुलाने अभ्यास कुठे करायचा, हे शाळा एकटी सोडवू शकत नाही.

कोणी म्हणेल, हा प्रश्न आपला नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण चाळीतून, झोपडपट्टीतून कष्टाने बाहेर पडले, शिकले, नोकरीला लागले, फ्लॅट घेतला. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण फ्लॅटमधला माणूस आणि फुटपाथ यांत किती अंतर आहे? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळची बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीची मातृछाया इमारत पडली, ४ ऑगस्टला नौपाड्यातील कृष्णा निवास पडली. २०२४ च्या नोव्हेंबरात कल्याण-डोंबिवलीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा कर्ज काढून घर घेतलेल्या शेकडो कुटुंबांची झोप उडाली. नोटीस दारावर लागली की "आम्ही आता कुठे जायचे?" हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी येतो. तोच प्रश्न पुलाखालचा माणूस रोज विचारतो.

बंधू-भगिनींनो, आता आम्हाला मुख्य गोष्ट सांगायची आहे.

१९१७ च्या सप्टेंबरात कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले एक तरुण विद्वान बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्याला उतरले. त्या शहरात त्यांना कोणी जागा दिली नाही. नाव बदलून ते एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत चालते व्हायला सांगितले. दोन मित्रांकडे विचारून पाहिले, तिथेही जागा झाली नाही. अखेर कामाठी बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. ते विद्वान म्हणजे बाबासाहेब, हे इथे कोणाला सांगायला नको. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा म्हणून सांगतो आणि तो तसाच आहे. पण तो एका बेघर रात्रीचाही प्रसंग आहे. शिक्षण होते, नोकरी होती, खिशात पैसेही होते. आणि तरीही त्या शहरात त्यांना निवारा नव्हता, कारण शेजाऱ्यांना ते नको होते.

आता आपल्याच वस्तीत काय घडते ते पाहू. एखाद्या गल्लीत निवारा केंद्र होणार अशी कुणकुण लागली की कागद फिरू लागतो. "आमच्या मुलाबाळांना त्रास होईल, चोऱ्या वाढतील, घाण होईल, फ्लॅटचे भाव पडतील." खाली सह्या होतात. त्या सह्यांत आपल्यापैकी कोणाची सही नसते, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल काय? ज्या समाजाचा उद्धारकर्ता काठ्यांच्या धाकाने सरायीतून हाकलला गेला, त्या समाजातील माणसाने दुसऱ्या कोणाला सरायीतून हाकलण्याच्या कागदावर सही करावी, याहून मोठी विसंगती कोणती? निवाऱ्याच्या मार्गात निधी आडवा येतो, जमीन आडवी येते, नोकरशाही आडवी येते. पण सर्वांत आधी शेजारी आडवा येतो. आणि तो शेजारी आपणच असतो.

आपला वारसा याच्या उलट आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात कथा आहे की सुरुवातीला भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत राहत. राजगृहाच्या श्रेष्ठीने भगवंतांची अनुमती घेऊन त्यांच्यासाठी एका दिवसात साठ विहार उभे केले. त्याच श्रेष्ठीच्या घरी सुदत्ताला बुद्धांविषयी कळले. अनाथांना अन्न देणारा म्हणून ज्याला आपण अनाथपिंडिक म्हणतो, तोच हा सुदत्त. त्याने श्रावस्तीत जेतवन दिले. इतक्या दूरही जायला नको. ठाणे ज्या साष्टी बेटावर आहे, त्याच बेटावर कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दात्यांची नावे आहेत आणि त्यांत कल्याणचे लोक आहेत. व्यापारी आहेत, पाण्याचे टाके देणारा सोनार आहे, वाट बांधून देणारा लोहार आहे. कल्याणच्या कष्टकऱ्याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी परक्या माणसाच्या निवाऱ्याला हातभार लावला होता. आणि अगदी अलीकडे गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र ते त्यांत राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. बेघराला आसरा देणे हे त्यांच्या दशसूत्रीतले एक काम होते. दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल.

तेव्हा आपण काय करायचे? मोठे संकल्प सोडून चार-पाच कामे आम्ही मंडळापुढे ठेवतो.

पहिले, माहिती काढणे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. दहा रुपये भरून दोन्ही महानगरपालिकांत अर्ज करावा : शहरात निवारा केंद्रे किती, कुठे, प्रत्येकाची क्षमता किती, स्त्रियांसाठी व कुटुंबांसाठी किती, शेवटची पाहणी केव्हा झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आलेली उत्तरे पुढच्या स्मरणिकेत छापावीत.

दुसरे, पाहणे. कागदावरचे केंद्र रात्री दहाला प्रत्यक्ष उघडे असते का, पाणी आहे का, पंखा चालतो का, हे सभासदांनी दोन-दोनच्या जोडीने जाऊन पाहावे. तिथे काम करणाऱ्यांशी भांडायला जाऊ नये. त्यांनाही पगार वेळेवर मिळतो की नाही, विचारावे.

तिसरे, योग्य ठिकाणी पोचवणे. एकटे मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. बालकल्याण समितीसमोर चोवीस तासांत त्याला उभे करावे लागते. संकटातील स्त्रीसाठी १८१, वृद्धांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. मनोरुग्ण भटकताना दिसला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर त्याला संरक्षण देण्याचे कर्तव्य टाकले आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या ठाण्यातच आहे. पोलीस ठाण्यात जाऊन हे नम्रपणे पण ठामपणे सांगता आले पाहिजे.

चौथे, पत्ता मिळवून देणे. बेघराला घर नाही म्हणून मत नाही, असा गैरसमज आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे बेघराला पत्त्याचा कागद द्यावा लागत नाही; केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो खरोखर तिथे झोपतो याची खात्री करायची असते. एका बाबासाहेबांनी प्रत्येकाला एक मत दिले. ते फुटपाथवरच्या माणसापर्यंत पोचवण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी एका सुटीत करण्यासारखे आहे.

पाचवे, मोजणीला मदत करणे. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. बेघरांच्या मोजणीच्या रात्री कोण कुठे झोपतो हे ज्यांना ठाऊक आहे, अशा तरुणांची प्रगणकांना गरज असते. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात रुपया येत नाही.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. या माणसांकडे जाताना कॅमेरा घेऊन जाऊ नका. झोपलेल्या माणसाचे छायाचित्र काढणे म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरणे आहे. आधी नाव विचारा, गाव विचारा, जमिनीवर त्याच्या शेजारी बसा. मदत काय हवी हे तो सांगेल.

आणि सहावे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड आहे. आपल्या इमारतीत निवारा केंद्राविरुद्धचा कागद सहीसाठी येईल, तेव्हा सही करू नका. एवढ्यावर थांबू नका. सोसायटीच्या बैठकीत उभे राहा आणि सांगा की केंद्र इथे झाले तर आमची हरकत नाही. त्याची स्वच्छता नीट राहावी, दिवे असावेत, रात्री चौकीदार असावा, एवढ्या अटी आपण मिळून घालू. तुम्ही एकटे पडाल. काही शेजारी बोलायचे बंद होतील. पण ज्या दिवशी कल्याण किंवा ठाण्याच्या एका गल्लीतील रहिवासीच महानगरपालिकेकडे जाऊन "आमच्या वॉर्डातले केंद्र कुठे आहे?" असे विचारतील, त्या दिवशी तीसपैकी एक केंद्र उभे राहायला सुरुवात होईल.



जयभीम! नमो बुद्धाय!